साखरेला उडता येत नाही

पायगोंडाअण्णा, तुम्ही पेपरात गुंडाळून आणलेला
ढेपेचा तुकडा मी खलबत्त्यात कुटला,
तेव्हा सागरमाळाकडच्या आमच्या लॅबमध्ये
पहिल्यांदाच चुलवाणाचा वास आला.
मग पिरिडीनची बाटली उघडली.
कुजकी मासळी बरी, असा तो वास.
गूळ गप्प झाला.

शाहूपुरीचा अडत्या चारचौघांत म्हणाला होता,
"साखर घातलीय की ह्यात, अण्णा."
चाळीस वर्षं काहिलीपाशी उभा राहिलेला गुळव्या
एक शब्द न बोलता तिथनं निघाला,
आणि माझ्या टेबलाशी येऊन विचारलं,
"बाई, मशीन खरं बोलतंय न्हवं?"

बोलतं. पण त्याला फक्त वाफ कळते,
आणि साखर तापवली की उडत नाही,
करपते.
हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही.
तिला हात फार. ग्लुकोजला पाच,
चहातल्या साखरेला आठ,
प्रत्येक हात शेजारणीच्या हातात,
पंचमीला फेर धरलेल्या पोरींसारखा.
फेर सुटत नाही तोवर कुणी जागचं हलत नाही.

म्हणून आधी मेथॉक्सिअमीन.
ग्लुकोज स्वतःभोवती वेटोळं घालून झोपतं,
कधी या कुशीवर, कधी त्या.
ते उलगडून टोकाला खुंटी ठोकली,
नव्वद मिनिटं, अंगाच्या उबेत.
मग सिलिल. एकेका हातावर
सिलिकॉनचा एकेक मोजा.
आता धरायला हातच मोकळे नाहीत.
आता उडेल.

पाण्याचा मात्र थेंब चालत नाही,
साखरेआधी तेच सगळे मोजे पळवतं.
आणि बाहेर ऑगस्ट, रंकाळा काठोकाठ,
भिंतीला पोपडे,
सिलिका जेलचे निळे खडे दुपारपर्यंत गुलाबी.
तीन नमुने वाया गेले.
चौथा रात्रभर सुकत ठेवला आणि शेजारी बसून राहिले,
घरी फोन केला, भात लावू नका म्हणून.

तुम्ही सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालात,
"म्हंजे भेसळ हुडकायला तुम्ही भेसळच करताय."
मी हसले, आणि मध्येच थांबले.
तुम्हीच सावरून घेतलं:
"आम्हीबी भेंडी घालतोय की. त्याबिगर मळी वर येत न्हाई."

पडद्यावर शिखरं उगवली.
त्र्याहत्तर, सगळ्यांत उंच:
तो नुसता मोज्याचा आवाज, मीच घातलेल्या.
तीनशे एकोणीसला ग्लुकोज.
तीनशे एकसष्टला साखर, भरपूर,
असणारच.
साखर उसाची, गूळही उसाचा.
कारखान्यातनं आलो की तुमच्या काहिलीतनं,
रेणूला आठवत नाही.

मग बारक्या शिखरांत शिरले,
कारखान्यात जे धुऊन जातं त्याच्या मागावर:
ॲकोनिटिक आम्ल, दोन-तीन अमिनो आम्लं,
एक कुणीतरी ज्याचं नाव लायब्ररीलाही ठाऊक नाही.
शेजारी ठेवले तुमच्याच काहिलीतले तीन खडे,
मी समोर उभी राहून काढून घेतलेले.
जुळले. बरेचसे.

अहवालात लिहिलं,
"भेसळीचा पुरावा आढळला नाही."
"भेसळ केलेली नाही" असं लिहिता येत नाही, अण्णा.
या दोन वाक्यांकडं तुम्ही
टोपी काढून बराच वेळ बघत होतात.
"मग अडत्याला ह्यातलं कुठलं सांगू?"

मला आलं नाही सांगता.
तुम्ही शिरोळची एसटी धरायला निघालात,
कागद घडी करून छातीच्या खिशात.

उरलेला गूळ लॅबमध्ये खायला मनाई,
म्हणून जिन्यात बसून खाल्ला.
दाताखाली किंचित खारट लागला,
तुमच्याकडच्या खारपड रानाचा असावा.
मशीनला तो दिसला नव्हता.
मिठाला मोजे घालायला
हातच नसतात.